साबणाच्या पाण्यातील शास्त्र : डॉ. मॅकबेन



चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात मुलांचे गणवेश चिखलाने माखतात आणि घरोघरी साबण झिजत असतो. परंतु नुसत्या पाण्याने न निघणारा तेलकट डाग साबणाने कसा निघतो, हा प्रश्न आपणांस कधी पडला आहे काय? या साध्या वस्तूच्या अभ्यासात आयुष्याची कित्येक वर्षे घालविणारे थोर भौतिक रसायनशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. जेम्स विल्यम मॅकबेन. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक होत.

त्यांचा जन्म २२ मार्च १८८२ रोजी कॅनडात झाला. टोरांटो येथे एम. ए. होऊन त्यांनी जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ते अध्यापन करीत; १९१९ साली तेथेच भौतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

मिठाचे पाणी वीज वाहून नेते, कारण पाण्यात मिठाचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. साबणाचे पाणीही वीज चांगली वाहून नेते. पण मोजून पाहता त्यात सुटे कण अपेक्षेपेक्षा फार कमी भरत. मग वीज वाहते कशी? साबणाचे अनेक आयन एकत्र येऊन भारित पुंजका बनतो व तो पुंजकाच वीज वाहून नेतो, असे उत्तर मॅकबेन यांनी १९१३ साली मांडले. या पुंजक्यास आज मायसेल म्हणतात. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर लांब शेपूट तेलाकडे. पुंजक्यात शेपट्या आत आणि टोके बाहेर राहतात. तेलकट मळ आत सामावतो आणि पाण्याबरोबर निघून जातो.

सारख्या भाराचे कण एकमेकांस दूर लोटतात, मग ते एकत्र कसे येतील, असा अनेक विद्वानांचा आक्षेप होता. मॅकबेन वर्षानुवर्षे मोजमाप करीत राहिले. १९२३ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. घन पदार्थ किती वायू शोषून घेतो हे क्वार्ट्झच्या नाजूक स्प्रिंगच्या ताणावरून मोजणारा काटा त्यांनी बक्र या सहकाऱ्यासह १९२६ साली प्रसिद्ध केला. १९३९ साली त्यांना डेव्ही पदक मिळाले.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९४७ साली निवृत्त झाल्यावर त्यांना विश्रांती घेता आली असती. पण १९४९ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ते नवस्वतंत्र भारताची प्रयोगशाळा उभी करण्यास पुण्यास आले. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १९५२ पर्यंत त्यांनी तिची धुरा वाहिली. १२ मार्च १९५३ रोजी ते निवर्तले. पाण्यात न विरघळणारी काही औषधे आज मायसेलच्या पोटात घालून रोग्यास देता येतात.

मित्रहो, आज घरी एक प्रयोग करा. पाण्यात तेलाचे दोन थेंब टाकून हलवा. मग साबण घालून पुन्हा हलवा आणि फरक वहीत टिपा. पालकांनो, मूल त्यावर 'असे का?' विचारील. उत्तर ठाऊक नसले तरी त्याला गप्प बसवू नका. त्याच्याबरोबर शोधावयास बसा.