ध्वनीला चुंबकाची लेखणी देणारा शास्त्रज्ञ : वाल्देमार पौल्सेन

वाल्देमार पौल्सेन यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८६९ रोजी कोपनहेगन येथे एका न्यायाधीशाच्या घरी झाला. विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञानाचे अध्ययन आरंभिले. परंतु पदवी न घेताच ते शहरातील टेलिफोन कंपनीच्या तांत्रिक विभागात दाखल झाले. टेलिफोनवरील बोलणे यंत्राने टिपून ठेवावे, या ध्यासातून १८९८ साली त्यांचा 'टेलिग्राफोन' साकारला. अमेरिकेतील ओबर्लिन स्मिथ यांनी अशी कल्पना १८८८ सालीच प्रसिद्ध केली होती. ती चालत्या यंत्रात उतरविण्याचे श्रेय मात्र पौल्सेन यांचेच.

नळकांड्यावर गुंडाळलेली पोलादी तार आणि तिला स्पर्शून सरकणारे इवलेसे विद्युतचुंबक, एवढाच त्याचा संसार. बोलण्यासरशी प्रवाह कमीअधिक होई, तसे चुंबकाचे बळ बदले आणि त्याची खूण तारेत उमटे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या यंत्रास सर्वोच्च पारितोषिक लाभले. तेथे टिपलेला ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योझेफ यांचा आवाज आजही उपलब्ध आहे.

गौरव झाला, व्यापार मात्र साधला नाही. आवाज क्षीण येई आणि तो वाढविणारे साधन त्या काळी नव्हते. दुसरी उणीव लेखणीतच होती. चुंबकाची टोके तारेला समोरासमोरून भिडत. तार जरा पिळली की उमटलेला आवाज मंदावे. सहकारी पेडर पेडरसन यांच्यासमवेत त्यांनी लेखन करताना एकदिश प्रवाहाची जोड दिली आणि आवाजातील विकृती कमी केली. तरीही १९०३ साली अमेरिकेत निघालेली कंपनी अखेर बुडाली. पौल्सेन यांना मोठे यश मिळाले ते बिनतारी संदेशवहनाच्या विद्युतकमान प्रक्षेपकाने.

लेखणीचा दोष दूर केला जर्मनीच्या एडुआर्ड श्युलर यांनी. १९३३ साली त्यांनी अणकुचीदार टोकांऐवजी कड्याच्या आकाराचा चुंबक योजिला. कड्याला एक अतिअरुंद फट. फीत एकाच बाजूने तिच्यावरून सरके, त्यामुळे ती फाटेना. फटीच्या ज्या कडेवरून फीत बाहेर पडते, तेथे लेखन पक्के होते. ऐकवितानाही फट जितकी अरुंद, तितके उंच स्वर स्पष्ट. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात या लेखणीचे 'मॅग्नेटोफोन' यंत्र लोकांपुढे आले.

तेव्हा पौल्सेन हयात होते. सदतीस वर्षांपूर्वी आपण लावलेले रोप दुसऱ्याच्या अंगणात फळास आले, हे त्यांच्या हयातीतच घडले. २३ जुलै १९४२ रोजी ते निवर्तले. पुढे घरोघरी पोहोचलेल्या प्रत्येक टेपरेकॉर्डरच्या मुळाशी त्यांचीच पोलादी तार होती. अक्षर जपणाऱ्या ग्रंथालयाने ध्वनीला अक्षरत्व देणाऱ्या या पुरुषाचे स्मरण ठेवणे उचितच होय.