ग्रंथालयांतील गणिती : डॉ. रंगनाथन

ज्या ग्रंथालयांत हवा तो ग्रंथ हव्या त्या वेळीं सांपडत नाहीं, तेथें तो असून नसल्यासारखाच होय. ही उणीव दूर करण्यासाठीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या डॉ. रंगनाथन ह्यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

त्यांचा जन्म १८९२ सालीं तंजावर जिल्ह्यांतील शियाळी गांवीं झाला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांत गणित घेऊन ते एम्. ए. झाले व अध्यापक बनले. १९२४ सालीं मद्रास विद्यापीठानें त्यांस ग्रंथपाल नेमिलें. तेथील एकांत असह्य होऊन त्यांनीं आपली जुनी जागा परत मागितली. परंतु आधीं विलायतेस जाऊन ही विद्या शिकून यावी, असा सल्ला त्यांस मिळाला.

लंडनच्या एका दुकानांत त्यांनीं मेकॅनो हें खेळणें पाहिलें. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. पण जोडणी बदलली कीं नवी वस्तु तयार! अमेरिकेंतील ड्यूई ह्यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतींत विषयांचे आंकडे बहुतांशीं आधींच ठरविलेले असत. रंगनाथन ह्यांनीं विषयाचे घटक पाडिले. मद्रासेंतील भाताच्या रोगांवरील ग्रंथ असेल, तर पीक, रोग व स्थल ह्यांच्या खुणा कोलन ह्या विरामचिन्हानें जोडावयाच्या. ज्ञान वाढतें, म्हणून त्याचें घरही वाढतें असावें, हें त्यांनीं ओळखिलें. ही पद्धति १९३३ सालीं प्रसिद्ध झाली.

पळूं पाहणारा हा गृहस्थ त्या जागीं सुमारें वीस वर्षें टिकला. १९७२ सालीं बंगळूर येथें ते निवर्तले. ग्रंथ भलत्याच फळीवर ठेविल्यानें पुढचा वाचक त्यास मुकतो, एवढें तरी आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या चरित्रावरून ध्यानांत धरावें.