गाडगे महाराज

डेबूजी झिंगराजी जानोरकर ऊर्फ गाडगे महाराज (जन्म : शेंडगाव, अमरावती जिल्हा, २३ फेब्रुवारी १८७६, मृत्यू : वलगावजवळ, अमरावती जिल्हा, २० डिसेंबर १९५६) हे कीर्तनातून लोकशिक्षण करणारे संत व समाजसुधारक होते. ग्रामस्वच्छतेसाठी ते विशेष ओळखले जातात. तथापि दारूची झळ त्यांना त्याहून आधी, स्वतःच्या घरातच लागली होती.

बालपण

डेबूजींचे वडील झिंगराजी हे परीट समाजातील होते. त्या काळी वऱ्हाडात अनेक जातींमध्ये दारू ही केवळ एकट्याची चैन नव्हती. नवसाला बोकड व दारू, आणि जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रसंगी जातीच्या पंगतीला तेच, अशी रीत होती. झिंगराजी या रीतीतूनच व्यसनी झाले आणि १८८४ च्या सुमारास मरण पावले. अखेरच्या काळात त्यांना पश्चात्ताप झाला व मुलाला अशा नवसांपासून दूर ठेवण्यास त्यांनी पत्नीला सांगितले, असे चरित्रकार नमूद करतात. आई सखुबाई डेबूजींना घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील (जि. अकोला) दापुरे येथे गेल्या. तेथे गुरे राखण्यात व शेतीत त्यांचे बालपण गेले. पुढे सावकाराच्या कर्जापायी मामांची जमीन गेली. दारू आणि कर्ज ही घर बुडवणारी जोडी आहे, हे त्यांच्या कीर्तनातील प्रतिपादन अनुभवातून आलेले होते.

मुलीचे बारसे

१८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाज मोडून दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण वाढले, तेव्हा नातलग नाराज झाले. ही घटना चरित्रांत बहुधा ओझरती येते, पण तिचे महत्त्व मोठे आहे. एखाद्याने स्वतः दारू सोडली, तरी पंगत तीच राहिली की ती पुन्हा हाती येते. डेबूजींनी पंगतच बदलली.

कीर्तनपद्धती

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्या व हाती झाडू अशा वेषात ते गावोगाव फिरत. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, असा त्यांचा क्रम असे. कीर्तन वऱ्हाडी बोलीत व प्रश्नोत्तररूप असे. पोथीतील निरूपणापेक्षा कर्ज, दारू, पशुहत्या, अस्पृश्यता व मुलांची शाळा यांवर ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर समुदायाकडूनच वदवून घेत. त्यामुळे दारूचा निषेध उपदेशकाच्या तोंडून नव्हे, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून ऐकू येई. त्यांनी कोणाला शिष्य केले नाही व पाया पडू दिले नाही.

१९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेत व्यसनमुक्त होणारेच एकमेकांना आधार देतात. गाडगे महाराज स्वतः मद्यपी नव्हते, मद्यपीचे पुत्र होते, आणि त्यांच्या सभेत पिणाऱ्यांसोबत त्यांच्या बायकामुलांचाही समावेश असे. समदुःखितांचा समुदाय हेच साधन, एवढे साम्य मात्र दोन्हींत दिसते.

संस्था व अखेर

ऋणमोचन येथे पूर्णेच्या काठी घाट, पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, नाशिकला धर्मशाळा अशी अनेक कामे त्यांनी लोकवर्गणीतून उभी केली. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. पुढील महिन्यात अमरावतीकडे जात असताना वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर त्यांचे निधन झाले. अमरावतीत गाडगेनगर येथे त्यांची समाधी आहे. अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.