गणिताचे कर्वे सर

रात्री जेवणं झाली, मेसवाल्याला शिव्या घालून झाल्या, की हॉस्टेलवर गप्पांचा विषय हमखास 'पोरी' या एकाच टॉपिकवर येतो. आणि मग दोन पार्ट्या पडतात. मोठी पार्टी म्हणते, बायकांवर भरवसा ठेवायचा नाही, सगळ्या सारख्याच. (लेडीज हॉस्टेलमध्ये हेच वाक्य 'पुरुष' शब्द घालून म्हणतात असं खात्रीलायक वृत्त आहे!) दुसरी पार्टी दोघा-तिघांची असते आणि तिचं ऐकून घ्यायला कोणी तयार नसतं.

मित्रांनो, हाच वाद साधारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत चालला होता आणि तो थेट कोर्टापर्यंत गेला. त्यात छोट्या पार्टीकडून जवळजवळ एकटा लढणारा माणूस गणिताचा प्रोफेसर होता. रघुनाथ धोंडो कर्वे.

आडनावावरून ओळखलं असेलच. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२. रघुनाथ नऊ-दहा वर्षांचा असताना आई राधाबाई वारल्या. १८९३ साली वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. म्हणजे एका बाईने पुन्हा संसार मांडला तर सज्जन म्हणवणारी माणसं कशी वागतात, हे या मुलाने अकराव्या वर्षीच घरात बसून पाहिलं. पोरगा हुशार. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला. पुढे फर्ग्युसन, मग गणिताची प्रोफेसरकी, आणि गणितासाठीच पॅरिसची वारी. सरळ चाललं असतं तर आरामात पेन्शन खाल्ली असती!

पण १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपलं क्लिनिक उघडलं तेही याच वर्षी. त्या काळात बाळंतपणात बायका जायच्या, वाचल्या तर पुन्हा वर्षा-दीड वर्षात तेच. कर्व्यांचं म्हणणं साधं होतं. मूल कधी हवं आणि हवं की नको, हे बाईला ठरवता आलं पाहिजे.

यावर जे काहूर उठलं त्याची गंमत बघा. टीकाकारांचा मोठा मुद्दा वैद्यकीय नव्हताच. ही साधनं हातात आली, दिवस जाण्याची भीती उरली नाही, तर बायका बिघडतील, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आपली आई, बहीण, बायको केवळ भीतीपोटी नीट वागतात असं मानून ही मंडळी चालली होती, आणि वर स्वतःला संस्कृतीरक्षक समजत होती. कर्व्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. धाकाने पाळलेल्या पातिव्रत्याला त्यांच्या लेखी शून्य किंमत होती. पुरुषाला ज्या इच्छा आहेत त्या स्त्रीलाही आहेत, आणि नातं टिकायचं असेल तर ते दोघांच्या खुशीने टिकावं, हे ते लिहीत राहिले. आता स्वभावाने माणूस गोड वगैरे अजिबात नव्हता. धर्म, लग्नसंस्था, ब्रह्मचर्याचे गोडवे, सगळ्यांची सालटी काढायचे. गांधीजींच्या संयमाच्या उपदेशालाही त्यांनी सोडलं नाही. लग्नावर त्यांचा विश्वास कमी आणि बाईवर जास्त, हे जरा विचित्र कॉम्बिनेशन वाटतं, पण मला तरी तेच सगळ्यात पटतं. आपल्याकडे बरोब्बर उलट असतं.

विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचं. तिथे हे प्रकरण झेपणारं नव्हतं. १९२५ साली नोकरी गेली. घर चाललं ते पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर. मूल होऊ द्यायचं नाही हा निर्णय या नवरा-बायकोंनी स्वतःसाठीही घेतला होता. आधी केले मग सांगितले! लोक रघुनाथरावांबद्दल लिहितात, पण शेजारीपाजारी, नातेवाईक, यांचे टोमणे रोज ऐकायला लागले असतील ते बाईंना. त्यांच्या वाट्याला ना मासिक आलं ना कीर्ती. त्यांच्या हिशेबाची वही कोणी उघडून बघत नाही.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक निघालं. संपादक, लेखक, सगळं मुख्यतः स्वतः कर्वेच. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं, त्यामुळे लोक ते लपवून वाचायचे आणि चारचौघांत नाक मुरडायचे. आत मात्र वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं. जे प्रश्न विचारायची आज इंटरनेट असतानाही आपली फाटते, ते लोक त्यांना पोस्टाने विचारत, आणि हे डोळा न मारता, उपदेश न करता उत्तर देत.

१९३१ साली अश्लीलतेचा पहिला खटला झाला. दंड शंभर रुपये. १९३४ साली दुसरा, तो या प्रश्नोत्तरांवरूनच. या वेळी कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, आणि लोक अडचण विचारत असतील तर शास्त्राच्या आधारे उत्तर देणं यात गुन्हा नाही, असा त्यांचा युक्तिवाद. केस हरली. दंड दोनशे रुपये. मासिक पुढच्या महिन्यात पुन्हा बाजारात.

गंमत म्हणजे याच काळात वडिलांचा महर्षी म्हणून सगळीकडे सत्कार होत होता, पुढे १९५८ साली भारतरत्नही मिळालं. मुलाच्या वाट्याला मात्र बहुतेक शिव्याच. तरी अगदीच एकटे होते असं नाही. रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतला परांजपे या कामात त्यांच्याबरोबर उतरली आणि त्यांच्यानंतरही ते करत राहिली. (सई परांजपेंच्या या आई.) त्या बाईंना पुढे १९९१ साली पद्मभूषण मिळालं. २००१ साली अमोल पालेकरांनी कर्व्यांवर 'ध्यासपर्व' हा सिनेमा काढला. सीडी मिळाली तर एकदा तरी बघाच.

मालतीबाई १९४४ साली गेल्या. त्यानंतरही अंक निघतच होते. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, म्हणजे जे बोलल्याबद्दल यांची नोकरी गेली होती ते आता सरकारी धोरण झालं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे वारले. नोव्हेंबरचा अंक तेवढा निघाला, आणि सव्वीस वर्षं चाललेलं मासिक थांबलं.