महाराष्ट्राला दोनदा रणजी जिंकून देणारा संस्कृतचा प्रोफेसर : दि. ब. देवधर

एकाच राज्यातल्या तीन टीम रणजी ट्रॉफी खेळतात. मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबईने ४२ वेळा ट्रॉफी उचलली. विदर्भाने २०१८ पासून तीनदा. आणि जिला अख्ख्या राज्याचं नाव आहे, त्या महाराष्ट्राच्या टीमकडे फक्त दोन ट्रॉफ्या आहेत. १९३९-४० आणि १९४०-४१.

या दोन्ही वेळी कॅप्टन होता पन्नाशीला टेकलेला एक माणूस. तो पुण्याच्या एस. पी. कॉलेजमध्ये संस्कृत शिकवायचा. प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. योगायोग बघा, त्याच वर्षी तिकडे ऑस्ट्रेलियात शेफिल्ड शिल्ड सुरू झाली. न्यू साऊथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि साऊथ ऑस्ट्रेलिया अशा तीन प्रांतांच्या टीम त्यात एकमेकांशी भिडायच्या.

आपल्याकडे मात्र टीम प्रांतावर नाही, तर धर्मावर पडायच्या. मुंबईत हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन अशा टीमच्या मॅचेस व्हायच्या आणि त्याला तुफान गर्दी व्हायची. १९११ मध्ये फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये आलेले देवधर याच स्पर्धेत हिंदूंकडून खेळून मोठे झाले.

१९२६ मध्ये आर्थर गिलिगनची एमसीसी टीम भारतात आली. मुंबईत हिंदूंकडून सी. के. नायडूंनी १५३ रन्स ठोकले. पाठोपाठ भारतीय टीमकडून देवधरांनी १४८ काढले. इथले लोक गोऱ्यांच्या तोडीस तोड खेळतात हे दिसलं आणि दोन वर्षांत भारताचं क्रिकेट बोर्ड उभं राहिलं.

पण नशीब बघा. भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. तेव्हा देवधर चाळिशीत होते. त्यांची निवड झाली नाही. ज्या इनिंगने टेस्टचा रस्ता मोकळा व्हायला मदत झाली, ती खेळणारा माणूस एकही टेस्ट खेळला नाही.

दुसरा कोणी असता तर बॅट माळ्यावर टाकली असती. देवधरांची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

१९३४ मध्ये रणजी ट्रॉफी आली. पहिल्यांदाच धर्म बाजूला पडला आणि प्रांत, संस्थानांच्या टीम आमनेसामने आल्या. पुण्याला आता स्वतःची टीम मिळाली, महाराष्ट्र. समोर होती पैसा, मैदानं आणि स्टार खेळाडू असलेली मुंबई.

देवधरांनी पोरं हेरली. सांगलीचा विजय हजारे त्यातलाच एक. १९३९-४० मध्ये हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ काढले आणि फायनलमध्ये महाराष्ट्राने युनायटेड प्रॉव्हिन्सेसला हरवलं.

पुढच्याच सीझनला पुण्यात मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने ६७५ रन्सचा डोंगर उभा केला. त्यात ४८ वर्षांच्या कॅप्टनचे एकट्याचे २४६. मुंबईही हटली नाही, ६५० पर्यंत आली. पण २५ रन्सच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला आणि फायनलमध्ये मद्रासला हरवून दुसरी ट्रॉफी घेऊन आला.

मग पुढे काय झालं? तिसरी ट्रॉफी का नाही आली?

एक कारण सरळ होतं, रोजगार. त्या काळी क्रिकेटवर घर चालत नव्हतं. बडोदा आणि होळकर ही संस्थानं खेळाडूंना नोकरी द्यायची. हजारे बडोद्याला गेले, चंदू सरवटे होळकरांकडे गेले. पुढच्या काळात या दोन्ही संस्थानांच्या टीमनी रणजी जिंकल्या. महाराष्ट्राने खेळाडू घडवले, पण त्यांना धरून ठेवता आलं नाही.

देवधर मात्र हलले नाहीत. पन्नाशी ओलांडल्यावर १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच मॅचमध्ये दोन सेंच्युरी मारल्या, १०५ आणि १४१. पहिल्या महायुद्धाआधी सुरू झालेलं त्यांचं करिअर दुसरं महायुद्ध संपल्यावर थांबलं. पुढे ते नॅशनल सिलेक्टर झाले. घरातही खेळ होताच. त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनमध्ये देश गाजवला.

१९७३ मध्ये त्यांच्या नावाने देवधर ट्रॉफी सुरू झाली. १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं. वयाची शंभरी पार करून २४ ऑगस्ट १९९३ ला ते गेले.

त्यानंतर महाराष्ट्र २०१३-१४ मध्ये पुन्हा फायनलला पोहोचला, पण कर्नाटककडून हरला. आज टीमचं घर पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या गहुंजे स्टेडियममध्ये आहे. याच शहरात वाढलेल्या ऋतुराज गायकवाडने २०२२ मध्ये महाराष्ट्राकडून खेळताना एका ओव्हरमध्ये सात सिक्स मारले. ती मॅच होती विजय हजारे ट्रॉफीची. म्हणजे देवधरांच्याच टीममधल्या पोराच्या नावाच्या ट्रॉफीची.

पोरं तेव्हाही होती, आजही आहेत. रणजीची तिसरी ट्रॉफी तेवढी अजून बाकी आहे.