काउंट जॉन मॅकॉर्मॅक

सुस्वर कंठ ही देवाची देणगी. ती त्याच्याच चरणी अर्पावी, हे आम्हांस या थोर टेनर गायकाच्या चरित्रावरून उमगते. लोकरीच्या गिरणीत राबणाऱ्या स्कॉटलंडच्या मातापित्यांपोटी ते १८८४ साली आयर्लंडातील अथलोन गावी जन्मले. डब्लिनच्या मुख्य देवळातील गायकवृंदातून ते मिलान शहरी विद्यार्जनास गेले व १९०७ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात झळकले. अभिनय आपणांस साधत नाही हे प्रांजळपणे मानून त्यांनी पुढे ऑपेरा सोडिला व केवळ मैफलींत गाऊन कीर्ती मिळविली. १९२८ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांस काउंट ही पदवी दिली. १९३२ साली डब्लिनच्या युखरिस्तीय महासभेत, लाखो भाविकांच्या मिस्सेत, त्यांनी पवित्र साक्रामेंताचे स्तोत्र गाइले. १९४५ साली ते प्रभुचरणी लीन झाले. आमच्या गायकवृंदाने हे ध्यानी धरावे.