इंग्रजांनी अडवलेली गाडी कुर्ल्यात बनवून दाखवणारा सोलापूरचा माणूस

२९ ऑक्टोबर २००३. मुंबईच्या ताडदेव आरटीओमध्ये एका टॅक्सीची नोंदणी झाली. गाडी होती प्रीमियर पद्मिनी. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा रस्त्यावरून हटली. त्या दिवशी सोशल मीडियावर आठवणींचा पूर आला. कुणी स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा आठवला, कुणी सोफ्यासारखी सलग सीट, कुणी टपावरच्या कॅरियरला बांधलेल्या ट्रंका.

जुन्या गाड्यांचे शौकीन आजही भंगारातून पद्मिनी शोधून काढतात, पार्ट जमवतात, रंग मारतात आणि रविवारच्या रॅलीत दिमाखात फिरवतात. त्यांना विचारलं तर मॉडेल, इंजिन, सीसी सगळं तोंडपाठ असतं. पण या गाडीवर 'प्रीमियर' हे नाव कुठून आलं, ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते.

ती गोष्ट आहे सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांची.

२३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात वालचंद यांचा जन्म झाला. घराणं मूळचं गुजरातमधलं, दिगंबर जैन, पण व्यापारासाठी सोलापुरात येऊन इथलंच झालेलं. घरात कापसाचा आणि सावकारीचा धंदा. वालचंद शिकायला मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये गेले, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये. पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या धंद्यात बसले, तर तिथेही मन रमेना.

मग त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक. रेल्वेत कारकुनी केलेला हा माणूस रेल्वेची कंत्राटं घेण्याच्या खटपटीत होता. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे पैसा उभा करायची ताकद. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. एक जैन व्यापारी आणि एक ब्राह्मण कारकून, दोघंही रुळांच्या कामात नवखे, पण जोडी जमली.

पुढे काम वाढत गेलं. मुंबई-पुणे मार्गावर बोरघाटात बोगदे खोदायचं अवघड काम वालचंद यांच्या कंपनीने केलं. आज जी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी म्हणून ओळखली जाते, तिची सुरुवात १९२६ ची.

इथवर पाहिलं तर ही एका यशस्वी कंत्राटदाराची गोष्ट वाटते. पण वालचंद यांची खोड अशी, की जो धंदा इंग्रजांनी स्वतःसाठी राखून ठेवलाय, नेमका तोच त्यांना करायचा असायचा.

पहिली ठिणगी पडली १९१९ मध्ये. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे एक जहाज होतं. पहिल्या महायुद्धात त्याचा दवाखाना म्हणून वापर झाला होता. नाव 'लॉयल्टी'. युद्ध संपलं आणि जहाज विकायला निघालं. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर मित्रांना सोबत घेऊन ते विकत घेतलं आणि सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघालं. आज ५ एप्रिलला देशात राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो, तो याच सफरीमुळे.

हे इंग्रज जहाज कंपन्यांना रुचणार नव्हतंच. त्यांनी भाडी पाडली, इतकी की नव्या कंपनीचा दम तुटावा. सिंदिया कंपनी बुडता बुडता वाचली. वालचंद यांनी यातून एक धडा घेतला. माल चांगला असून भागत नाही. ज्या देशाचं सरकार आपल्या कारखानदाराच्या पाठीशी नसतं, तिथे भांडवल कितीही ओतलं तरी समोरचा तुम्हाला दमवू शकतो.

हाच धडा त्यांना मोटारीच्या वेळी पुन्हा गिरवायला लागला.

त्या काळात भारतात गाड्या नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला कारखाना टाकला होता. त्यानंतर फोर्डही आली. पण इथे गाडी बनत नव्हती, जोडली जात होती. सुट्टे भाग पेट्यांत भरून बोटीने यायचे, इथले कामगार नटबोल्ट आवळायचे आणि गाडी शोरूमला जायची. नफा बाहेर, तंत्रही बाहेर.

ही गोष्ट एका इंजिनिअरला खुपत होती. ते म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांनी १९३० च्या दशकात परदेशातले मोटार कारखाने पाहून भारतात गाडी बनवण्याची योजना तयार केली. योजना कागदावर होती, ती जमिनीवर उतरवायला उद्योगपती हवा होता. वालचंद पुढे आले.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस सरकार आलं. त्यांनी या योजनेला मदतीचा हात दिला. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी काही जमलं नाही, क्रायस्लरशी बोलणी पुढे सरकली आणि १९४० मध्ये करार झाला. आता गाडी निघणार असं वाटत होतं.

पण त्याआधीच दुसरं महायुद्ध पेटलं होतं. भारताला न विचारता युद्धात ओढलं म्हणून नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मुंबई सरकारचा आधार गेला. मग म्हैसूर संस्थानात कारखाना टाकायचं ठरलं. संस्थानाची तयारी होती, पण इंग्रज सरकारने संस्थानाला यात उतरू दिलं नाही. दिल्लीला विनवण्या झाल्या. भारत सरकारचं म्हणणं असं, की मोटार कारखाना युद्धाच्या कामाचा नाही. आणि त्याच वेळी हजारो लष्करी ट्रक उत्तर अमेरिकेतून बोटींवर लादून भारतात आणले जात होते!

गंमत बघा. १९३९ च्या ज्या प्रवासात वालचंद मोटारीसाठी फिरत होते, त्याच प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानाचा कारखाना चालवत होता. वालचंद यांनी भारतातही तसा कारखाना काढायचा विचार त्याच्यापुढे मांडला. २३ डिसेंबर १९४० ला बंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. इथे म्हैसूर संस्थानाला सामील व्हायची परवानगी मिळाली, कारण विमानं युद्धाला लागणार होती. १९४२ मध्ये सरकारने कारखाना स्वतःकडे घेतला. आजची एचएएल ती हीच.

जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली, डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. म्हणजे जहाज झालं, विमान झालं, पण मोटार अजून अडकलेलीच होती.

तरी वालचंद यांनी विषय सोडला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. तिकडे बिर्लांनी १९४२ मध्येच हिंदुस्थान मोटर्स काढली होती. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या वर्षात, कुर्ल्यातून क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक बाहेर पडू लागले. डॉज, प्लिमथ, डीसोटो ही नावं आज फक्त व्हिंटेज रॅलीत ऐकू येतात. पण एके काळी हीच धूडं मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती आणि त्यातल्या कितीतरी कुर्ल्यातून निघालेल्या होत्या.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या सुरुवातीच्या गाड्या पूर्ण भारतीय नव्हत्या. त्याही बऱ्याचशा आयात केलेल्या भागांतून जोडलेल्या असायच्या. फरक हेतूत होता. परदेशी कंपन्यांना गाडी जोडून विकायची होती, प्रीमियरला एकेक भाग इथे बनवत पूर्ण गाडीपर्यंत पोचायचं होतं.

अमेरिकन गाड्या मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या, महाग. सामान्य भारतीयाला छोटी गाडी हवी होती. म्हणून प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हात मिळवला. १९५१ मध्ये कुर्ल्यात छोटी फियाट ५०० जोडली जाऊ लागली.

पण तोवर वालचंद थकले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कारभारातून बाजूला झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शेवटपर्यंत सेवा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं.

आणि नेमक्या त्याच वर्षी, ज्यासाठी ते इतकी वर्षं भांडले, ते धोरण आलं. टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की जे भारतात गाडी बनवायला तयार आहेत त्यांनीच इथे राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड भारतातून बाहेर पडल्या. मैदान प्रीमियर आणि हिंदुस्थान मोटर्ससारख्या मोजक्या कंपन्यांना मोकळं झालं.

१९५४ मध्ये फियाट ११०० आली. १९६४ मध्ये तिचं नवं रूप आलं, ११०० डिलाइट. सत्तरच्या दशकात फियाटशी असलेला परवाना संपल्यावर गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि मग 'पद्मिनी'. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. लग्नाची वरात, गावाकडची वारी, दवाखान्याची धावपळ, सगळं तिच्यातूनच झालं.

पण या यशाला दुसरी बाजूही आहे. वालचंद यांनी संरक्षण मागितलं ते भारतीय उद्योगाने पायावर उभं राहावं म्हणून. पुढे त्याच संरक्षणात, परवाना राजमध्ये, स्पर्धा उरलीच नाही. गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, आणि साठच्या दशकातलं मॉडेल थोड्याफार बदलांनी पुढची काही दशकं विकलं गेलं. मारुती ८०० आल्यावर हे सगळं उघडं पडलं. पद्मिनीवरचं आपलं प्रेम खरंच आहे, पण त्यात निवडायला दुसरं फारसं काही नव्हतं, हेही तितकंच खरं.

त्याचा दोष एका माणसावर टाकता येणार नाही. वालचंद यांचा प्रश्न साधा होता. बोगदे खोदणारे, जहाज चालवणारे लोक जर इथे आहेत, तर गाडी बनवायला परवानगी का लागावी? याचं उत्तर मिळेपर्यंत त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षं गेली.

आज वालचंद यांचं नाव तुमच्या आजूबाजूला आहेच. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर, सांगली आणि सोलापूरची इंजिनिअरिंग कॉलेजं. लहानपणी खाल्लेली रावळगावची चॉकलेटसुद्धा त्यांच्याच उद्योगसमूहाची होती. कुर्ल्याचा कारखाना आता नाही, पण तिथल्या रस्त्याला लोक अजून प्रीमियर रोडच म्हणतात.

पुढच्या वेळी एखाद्या रॅलीत चकाचक पॉलिश केलेली पद्मिनी दिसली, तर सेल्फी जरूर काढा. फक्त बॉनेटवरचं 'प्रीमियर' हे नाव बघताना एवढं आठवा, की सोलापूरच्या एका माणसाने ते नाव रस्त्यावर आणण्यासाठी दोन सरकारं आणि एक महायुद्ध पार केलं होतं. आणि ती गाडी घराघरात पोचली, तेव्हा ती बघायला तो नव्हता.